पुणे विद्यापीठाचा परिसर पाहायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा गणेशखिंडीतला परिसर पाहायला येणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आधी साधे प्रश्न, मग इमारतींचे आणि इतिहासाचे, शेवटी अडचणीचे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. मी विद्यार्थी नाही, नातेवाईकही नाही. नुसतं बघायला आत सोडतात का?

हे सरकारी विद्यापीठ आहे, तिकीट लावलेलं पर्यटनस्थळ नव्हे. दिवसा कामासाठी, भेटीसाठी माणसांची ये-जा चालूच असते. सरकारी ओळखपत्र जवळ ठेवा आणि सुरक्षारक्षकाने विचारलं तर सरळ सांगा, "परिसर आणि मुख्य इमारत पाहायला आलोय." परीक्षा, दीक्षान्त समारंभ, एखाद्या मोठ्या पाहुण्याचा दौरा किंवा आंदोलन असलं की नियम कडक होतात. त्या दिवशी परत पाठवलं तर हुज्जत घालू नका, दुसऱ्या दिवशी या. आतल्या स्वतंत्र संस्थांचे नियम वेगळे आहेत, त्यासाठी प्रश्न १० आणि १३ पाहा.

२. सगळा परिसर चालत होतो का? किती वेळ धरावा?

परिसर ४११ एकरांचा आहे. सगळा पायी पालथा घालायचा म्हटला तर दिवस जाईल, आणि तसं करण्याची गरजही नाही. मुख्य प्रवेशद्वारातून मुख्य इमारत, तिथून झाडांच्या रस्त्याने जयकर ग्रंथालय, मग उत्तरेकडे आयुका या खगोलशास्त्र केंद्रापर्यंत आणि परत, एवढं रमतगमत अर्ध्या दिवसात होतं. गाडीतून फेरी मारून निघून जाऊ नका. झाडी इतकी दाट आहे की गाडीतून निम्म्या इमारती दिसतच नाहीत.

३. मुख्य इमारत कोणी बांधली आणि कशासाठी?

मुंबईच्या गव्हर्नरला पावसाळ्यात राहण्यासाठी. काम १८६४ मध्ये सुरू झालं आणि १८७१ मध्ये संपलं. वास्तुरचनाकार जेम्स ट्रबशॉ. त्याआधी गव्हर्नरचा पुण्यातला मुक्काम दापोडीच्या बंगल्यात असे.

सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना मुंबईत पैशाचा पूर आला होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या भरभराटीत या वाड्याची आखणी झाली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत एकामागून एक पेढ्या बुडाल्या, पण गणेशखिंडीतलं काम चालूच राहिलं. या उधळपट्टीवर इंग्लंडच्या संसदेपर्यंत टीका झाली. फ्रिअर १८६७ मध्ये पद सोडून गेले, म्हणजे ज्यांनी हा वाडा उभारायला घेतला त्यांना गव्हर्नर असताना तो पूर्ण झालेला पाहायला मिळालाच नाही.

इमारतीसमोर उभं राहताना एवढं लक्षात असू द्या. तिचा दिमाख खरा आहे, आणि तो कुणाच्या घामावर उभा राहिला हेही तितकंच खरं आहे.

४. तिच्यात बघण्यासारखं नक्की काय आहे? आत जाता येतं का?

आत कुलगुरूंचं कार्यालय आहे, सभा-बैठका चालतात. त्यामुळे आत मोकळेपणी फिरता येत नाही. आतला भाग पाहण्यासाठी अधिकृत भेटीची परवानगी काढावी लागते.

पण बाहेरून पाहायला भरपूर आहे. आधी समोरच्या हिरवळीच्या टोकाला उभे राहा. लांबलचक, दोन मजली दगडी इमारत आणि तिच्यातून वर गेलेला मनोरा, ही ठेवण इटलीतल्या जुन्या हवेल्यांवरून घेतलेली आहे. राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बोर्न हाउसशी तिचं साम्य अभ्यासक दाखवतात. मग जवळ या आणि कमानी बघा. मुंबईच्या फोर्टातल्या त्याच काळातल्या गॉथिक इमारतींच्या कमानी टोकदार, इथल्या बऱ्याचशा अर्धगोल. त्या कमानींमागे खोल व्हरांडे आहेत. पावसाची झड आणि दुपारचं ऊन भिंतीपर्यंत पोचू नये यासाठी केलेली ही सोय. इंग्लंडमध्ये अशा घराला एवढे व्हरांडे लागले नसते. परदेशी नकाशाला इथल्या हवामानाने कसं वाकवलं, ते या व्हरांड्यांत दिसतं.

दगड इथलाच, दख्खनचा करडा बेसाल्ट. पाऊस पडून गेल्यावर तो गडद होतो आणि कोरीव काम उठून दिसतं. शक्य असेल तर अशाच वेळी या.

५. इमारतीखाली भुयार आहे म्हणतात, ते खरं का? शनिवारवाड्यापर्यंत जातं का?

इमारतीखाली भुयारी वाट आहे, ती लोकांसाठी खुली नाही. शनिवारवाड्याची गोष्ट मात्र मनातून काढून टाका. शनिवारवाडा १७३२ चा, ही इमारत १८७१ ची. पेशवाई बुडून अर्धशतक उलटल्यावर इंग्रज गव्हर्नरने आपल्या घरातून पेशव्यांच्या जळक्या वाड्यापर्यंत काही मैल भुयार खणण्याचं कारणच नव्हतं.

६. रँडला याच इमारतीत मारलं का?

इमारतीत नाही, इथून परतताना गणेशखिंड रस्त्यावर. २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा सोहळा या गव्हर्नमेंट हाउसमध्ये झाला. रात्री पाहुण्यांच्या बग्ग्या परत निघाल्या. दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर रस्त्यात दबा धरून होते. "गोंद्या आला रे" ही त्यांची खूण. दामोदरने प्लेग अधिकारी वॉल्टर रँडवर गोळी झाडली, बाळकृष्णने मागच्या बग्गीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. पुढे दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव हे तिघे भाऊ आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे फासावर गेले. या घटनेचं स्मारक गणेशखिंड रस्त्यावर आहे, विद्यापीठाच्या आवारात नाही.

याच वर्षाचा आणखी एक धागा पुढच्या उत्तरात आहे.

७. विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव कधी मिळालं? त्यांचा या जागेशी काही संबंध होता का?

विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ ची. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. तेव्हाचं नाव पुणे विद्यापीठ. २०१४ मध्ये नामविस्तार होऊन ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. मुख्य इमारतीच्या आवारातला सावित्रीबाईंचा पुतळा २०२२ चा.

सावित्रीबाई या वाड्यात कधी राहिल्या नाहीत. त्यांचं कार्यक्षेत्र पेठांमध्ये. १८४८ ची मुलींची शाळा बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात भरली. पण १८९७ साल आठवा. पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत रुग्णांची सेवा करत होते. आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणलं, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्याच प्लेगच्या नावाखाली रँडच्या सोजिरांनी घराघरांत घुसून जो जाच केला, त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री झाला. म्हणजे एकाच साथीत एक बाई रुग्णाला पाठीवर घेऊन मेली आणि त्या साथीचा अधिकारी जिथे मेजवानीला आला होता, त्या इमारतीच्या संस्थेला आज त्या बाईचं नाव आहे. पाहुण्यांना परिसर दाखवताना वास्तुशैली एक वेळ राहिली तरी चालेल, हे मात्र सांगाच.

८. गणेशखिंडीची लढाई इथेच झाली ना?

याच टापूत, खडकी आणि गणेशखिंडीच्या मधल्या मैदानात, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी. इंग्रजी पुस्तकांत ती खडकीची लढाई म्हणून येते. बापू गोखल्यांचं सैन्य संख्येने कितीतरी मोठं होतं. जरीपटका घेऊन मोर दीक्षितांनी घोडदळ घातलं, पण मध्ये दलदल लागली, हल्ल्याचा जोर तुटला आणि दीक्षित पडले. दुसरे बाजीराव पर्वतीवरून पाहत होते. आज रस्ते, इमारती आणि झाडी यांमुळे रणभूमी म्हणून काही वेगळं ओळखता येत नाही. जमिनीचा उतार आणि टेकड्यांमधली खिंड तेवढी ध्यानात येते.

९. राजभवन आणि विद्यापीठाची मुख्य इमारत एकच का?

नाही. जुनं गव्हर्नमेंट हाउस विद्यापीठाकडे आलं. राज्यपालांचा पुण्यातला मुक्काम शेजारच्या स्वतंत्र आवारात असतो, ते पुण्याचं राजभवन, आणि तिथे असंच शिरता येत नाही. घोटाळा होतो याचं एक कारण म्हणजे राज्यपाल हेच विद्यापीठाचे कुलपती असतात.

१०. आयुका म्हणजे काय? तिथे कधीही जाता येतं का?

आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, सगळे त्याला आयुकाच म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये स्थापन केलं, जयंत नारळीकर संस्थापक संचालक. ते विद्यापीठाच्या परिसरात आहे पण विद्यापीठाचा विभाग नाही. त्याचं फाटक, सुरक्षा, नियम सगळं स्वतंत्र. त्यामुळे विद्यापीठात सोडलं म्हणजे आयुकातही सोडतील असं गृहीत धरू नका.

सगळ्यात सोपा दिवस २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या दिवशी लोकांसाठी दारं उघडी असतात, गर्दीही तशीच असते. एरवी शाळा-कॉलेजच्या गटांनी आधी लिहून परवानगी घ्यावी.

११. आयुकाची इमारत इतकी नावाजलेली का आहे? मला तर काळ्या भिंतीच दिसल्या.

त्या काळ्या भिंतींपासूनच सुरुवात करा. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी त्यांत काळ्याचे तीन थर दिले आहेत. खाली खडबडीत काळा बेसाल्ट, त्यावर कडप्पा, आणि सर्वांत वर गुळगुळीत काळा ग्रॅनाइट. वरच्या थरात आकाश आणि ढग उमटतात. भिंत वर जाता जाता जड दगडाची होते आकाशाची. ढगाळ दिवशी दोन मिनिटं थांबून पाहा, मगच ते कळतं.

मग मधल्या कुंडात या. आपल्या देवळांपुढच्या पायऱ्यांच्या कुंडाचीच ही आठवण आहे, पण दगडांची मांडणी तिरकी, भोवऱ्यासारखी केंद्रापासून बाहेर फेकली गेलेली. प्रसरण पावणाऱ्या विश्वाची कल्पना कोरियांनी अशी जमिनीवर आणली. कुंडाच्या भोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. उंच चौथऱ्यावरून खाली बघणारे हे पुतळे नाहीत, माणसं त्यांच्या शेजारी सहज बसतात.

दुसऱ्या चौकांत गणित आहे. एकात सिअर्पिन्स्कीचा त्रिकोण, म्हणजे त्रिकोणातून त्रिकोण वगळत जाण्याची न संपणारी आकृती, फरशीत उतरवली आहे. दुसरीकडे जोडताऱ्यांभोवतीच्या रोश पाळ्यांचा, म्हणजे प्रत्येक ताऱ्याच्या गुरुत्वाचा ताबा जिथवर चालतो त्या भागांचा, आकार आहे. ज्याला यातलं काही येत नाही त्याला सुंदर चौक दिसतो, ज्याला येतं त्याला समीकरण दिसतं, आणि दोघांचंही पाहणं पूर्ण असतं. म्हणूनच पुण्यातल्या आधुनिक इमारतींत मी हिला सगळ्यांत वर ठेवतो.

फूकोचा लंबक चुकवू नका. लंबक एकाच दिशेत झुलत राहतो आणि खालची पृथ्वी फिरते, म्हणून त्याची झुलण्याची रेघ सावकाश वळताना दिसते. ध्रुवावर तिला पूर्ण फेरीला सुमारे २४ तास लागतात. पुण्याच्या अक्षांशावर सुमारे ७५ तास, म्हणजे तासाला पाच अंशांहून थोडं कमी. एकदा रेघ मनात धरा, इतर गोष्टी पाहून या आणि परत बघा.

१२. मुलांना घेऊन यायचं आहे. त्यांना कंटाळा येणार नाही असं काय आहे?

आयुकातली मुक्तांगण विज्ञान शोधिका. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून ती उभी राहिली, म्हणून इमारतीचं नाव पुलस्त्य. सप्तर्षींमधल्या एका ताऱ्याचं हे नाव आणि त्यातच पु. ल. लपलेले. अरविंद गुप्ता यांनी इथे बरीच वर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवली आणि मुलांना बनवायला शिकवली. शाळकरी मुलांसाठी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्यान ठेवण्याची आयुकाची जुनी प्रथा आहे. निघण्याआधी त्या महिन्याचा कार्यक्रम तपासून घ्या.

फार लहान मुलं असतील तर मुख्य इमारतीच्या वाटेवरचे वड पुरे आहेत.

१३. एनसीआरए, सी-डॅक, पेशी विज्ञान केंद्र हेही आत आहेत ना? ते बघता येतील का?

या प्रयोगशाळा आहेत. एरवी बाहेरच्यांना प्रवेश नसतो, आणि बाहेरून बघण्यासारखं फारसं नाही. आयुकाच्या शेजारी असलेलं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे एनसीआरए, गोविंद स्वरूप यांनी उभारलं. नारायणगावजवळ खोडदला असलेली ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण ही संस्था चालवते. ज्यांना खरंच रस आहे त्यांनी विज्ञान दिनाला खोडदला जावं. ४५ मीटर व्यासाच्या अँटेनाखाली उभं राहण्याची सर इथल्या कार्यालयाच्या इमारतीला येणार नाही. सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेचं नाव माहीत असतं ते १९९१ च्या परम महासंगणकामुळे.

१४. जयकर ग्रंथालयात बसून वाचता येईल का?

पहिल्या कुलगुरूंच्या नावाचं हे ग्रंथालय आता जयकर ज्ञानस्रोत केंद्र म्हणून ओळखलं जातं. ते विद्यार्थी, शिक्षक आणि सभासदांसाठी आहे. संशोधनासाठी एखादा ग्रंथ पाहायचा असेल तर तुमच्या संस्थेचं पत्र आणा आणि काउंटरवर विचारा. नुसतं बघायला वाचनकक्षात शिरू नका, तिथे स्पर्धा परीक्षांची आणि प्रबंधांची माणसं पोटतिडकीने अभ्यास करत असतात.

१५. संध्याकाळी काही कार्यक्रम असतात का?

असतात, आणि ते फार कमी लोकांना ठाऊक आहेत. ललित कला केंद्र, म्हणजे नाट्य, संगीत, नृत्य शिकवणारं गुरुकुल, १९८७ पासून इथे आहे. सतीश आळेकर अनेक वर्षं त्याचे प्रमुख होते. केंद्राच्या अंगणमंचावर आणि संत नामदेव सभागृहात विद्यार्थ्यांचे प्रयोग होतात. उघड्यावर, झाडांच्या सान्निध्यात, शिकणाऱ्या मुलांचं नाटक बघणं हा परिसर पाहण्याचा माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग आहे. इमारत रिकामी पाहण्यापेक्षा ती वापरात असताना पाहावी.

१६. कोणत्या ऋतूत यावं?

जुलै ते सप्टेंबर. गव्हर्नर पावसाळ्यातच का येत, याचं उत्तर तुम्हाला तेव्हा अंगावरच मिळेल. मुंबईत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, घाटाच्या आड असलेल्या पुण्यात सातशेच्या आसपास. हवा गार, पाऊस सोसवेल एवढा. एप्रिल-मेमध्ये यायचंच असेल तर सकाळी आठच्या आत या.

झाडांसाठी येणाऱ्यांनी शेजारचं गणेशखिंड उद्यानही ध्यानात ठेवावं. २०२० मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. ते कृषी महाविद्यालयाच्या अखत्यारीत आहे, विद्यापीठाच्या नाही, त्यामुळे परवानगी वेगळी.

१७. रानडे इन्स्टिट्यूट, डेक्कन कॉलेज, फर्ग्युसन हेही आतच आहेत का?

नाही, आणि या चुकीपायी लोक रिक्षाचे पैसे दोनदा भरतात. रानडे इन्स्टिट्यूट विद्यापीठाचीच, पण फर्ग्युसन रस्त्यावर. पत्रकारिता आणि परदेशी भाषांसाठी लोक तिथे जातात. फर्ग्युसन महाविद्यालय त्याच रस्त्यावर, त्याचा परिसर स्वतंत्र. डेक्कन कॉलेज येरवड्याकडे, ते स्वतः अभिमत विद्यापीठ आहे. रिक्षावाल्याला "विद्यापीठ, मेन गेट" एवढं स्पष्ट सांगा.

१८. फोटो काढले तर चालतात का? प्री-वेडिंग शूट? ड्रोन?

स्वतःच्या मोबाइलवर इमारतीचे, झाडांचे फोटो काढायला सहसा कुणी अडवत नाही. रक्षकाने नको म्हटलं तर थांबा. विद्यार्थ्यांचे, वर्गांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नका. प्री-वेडिंग, जाहिरात, कपडे बदलून केलेलं चित्रीकरण यासाठी प्रशासनाची लेखी परवानगी लागते. पायऱ्या अडवून तासभर चालणाऱ्या चित्रीकरणाचा त्रास इथे रोज काम करणाऱ्यांना होतो, याचा विचार करा.

ड्रोन आणूच नका. खडकी लष्करी भाग आहे, लोहगावचं विमानतळ हवाई दलाचं आहे.

१९. सोबत वयस्कर माणसं आहेत, त्यांना चालवत नाही. काय करावं?

रक्षकांना कारण सांगून गाडी मुख्य इमारतीजवळच्या वाहनतळापर्यंत न्या. इमारतीसमोरची जागा बऱ्यापैकी सपाट आहे, बसायला सावली आहे. आयुकातलं कुंड पायऱ्यांचं आहे. तिथे वरच्या काठावरून बघणं पुरेसं होतं, खाली उतरण्याचा आग्रह करू नका. चाकांच्या खुर्चीसाठी तिथे आधी कळवून ठेवलेलं बरं.

२०. माझ्याकडे एकच तास आहे, आणि तोही रविवारी.

मग आयुका सोडून द्या (प्रश्न १०). मुख्य इमारतीसमोर अर्धा तास द्या आणि उरलेला वेळ झाडांखालच्या रस्त्यावर चाला. रविवारी कार्यालयं आणि ग्रंथालयाचे बरेच विभाग बंद असतात, पण वर्दळ नसल्यामुळे इमारत नीट बघता येते. खायचं घरून आणलं असेल तर कागद-पिशव्या परत घेऊन जा. कँटीन सुट्टीला बंद असू शकतं, म्हणून पाण्याची बाटली जवळ ठेवा.